एसक्यूएल सर्व्हरात स्वतःचे मेसेज आणि अलर्ट लावताना या चुका टाळा

आपल्याकडं सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरीच्या कारखान्यांत सूत संपत आलं की मालकाला मेल जावा, एवढीच साधी मागणी असते. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचा मेसेज (एररचा नंबर आणि मजकूर) टाकतात, त्यावर अलर्ट (तो एरर आला की कळवायची सोय) लावतात, स्क्रीनवर लाल एरर पण दिसतो, आणि मेल काही येत नाही. मग सगळे मेल सेटिंगच्या मागं लागतात.

मेल नंतर बघा हो. अलर्ट सांभाळतो तो एजंट, म्हणजे सर्व्हरसोबत मागं चालणारा प्रोग्राम; तो तुमचा एरर थेट बघतच नाही, विंडोजचा ॲप्लिकेशन लॉग (घडामोडींची नोंदवही) वाचतो. लॉगमध्ये नोंद नाही तर त्याच्यासाठी काही घडलंच नाही. त्यामुळं मेसेज टाकायची एसपी_ॲडमेसेज कमांड चालवताना विथ_लॉग ट्रू करा, नाहीतर एरर उठवणाऱ्या रेझएरर कमांडच्या शेवटी विथ लॉग लिहा. आणि रेझएररपेक्षा नवीन आहे म्हणून थ्रो ही कमांड वापरताय तर त्यात लॉगची सोयच नाही, अलर्टसाठी जुना रेझएररच बरा.

मेसेज नंबर 50001 किंवा त्याच्या पुढचा घ्यायचा. सर्व्हरच्या भाषांच्या यादीत मराठी नाहीये, म्हणून मराठी मजकूर यूएस_इंग्लिशखालीच टाका, चालतो. फक्त मजकुराच्या कोटच्या आधी एन (N) लावायला विसरू नका, नाहीतर '%s सूत फक्त %d किलो उरलंय' मधल्या मराठीची नुसती प्रश्नचिन्हं होतात आणि मालक विचारतो हे काय बे. यात %s च्या जागी शब्द आणि %d च्या जागी आकडा भरला जातो. अजून एक गंमत म्हणजे %d ला पूर्णांकच लागतो, आपल्याकडं वजन डेसिमलमध्ये असतं, ते तसंच दिलं की 2748 नंबरचा एरर येतो आणि तुमचा मेसेज राहतो बाजूला. आधी व्हेरिएबलमध्ये वजनाचं टेक्स्ट करून घ्या आणि %d च्या जागी %s ठेवा, म्हणजे साडेबारा किलो साडेबाराच दिसेल.

सिव्हिरिटी, म्हणजे एररच्या गंभीरपणाचा आकडा, 16 पुरे. अर्जंट आहे म्हणून 20 टाकणारे पण आहेत, पण 20 पासून पुढं कनेक्शनच तुटतं, म्हणजे सूत कमी झालं म्हणून बिलिंगवाला बाहेर फेकला जातो! शिवाय 19 पासून पुढं सिसॲडमिनचे (सर्व्हरच्या मुख्य ॲडमिनचे) किंवा ऑल्टर ट्रेसचे हक्क लागतात.

तपासायचं ते या क्रमानं. हातानं एकदा रेझएरर मारा, विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे तो लॉग दाखवणाऱ्या खिडकीत, नोंद आली का बघा. आली असेल तर अलर्टच्या हिस्ट्री पानावर आकडा वाढला का बघा. तो पण वाढला तरच मेलकडं वळा, म्हणजे अलर्टमध्ये ऑपरेटरला (ज्याला मेल जायचा त्याला) टिक आहे का, एजंटच्या प्रॉपर्टीजमध्ये मेल प्रोफाइल चालू केलंय का, आणि केल्यावर एजंट रीस्टार्ट केला का. हा रीस्टार्टच बऱ्याच जणांचा राहतो. हिस्ट्रीत आकडा हललाच नाही तर एजंट बंद असेल, नाहीतर अलर्टमध्ये नंबर किंवा डेटाबेस चुकीचा निवडलेला असेल. सर्व्हरची फुकट मिळणारी एक्स्प्रेस एडिशन असेल तर शोधत बसू नका, त्यात एजंट नसतोच.

दोन मेलमधला वेळ शून्य ठेवू नका. जॉब दर मिनिटाला स्टॉक बघत असेल तर सकाळपर्यंत शेकडो मेल पडतात आणि मग मालक ते उघडणंच सोडून देतो. निदान तासाभराचं, म्हणजे 3600 सेकंदांचं अंतर द्या.

आणि सर्व्हर बदलताना डेटाबेसचा बॅकअप नेला म्हणजे सगळं गेलं असं नसतं. मेसेज मास्टर नावाच्या सर्व्हरच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये असतात, अलर्ट आणि ऑपरेटर एमएसडीबी या दुसऱ्या तशाच डेटाबेसमध्ये. नवीन मशीनवर 18054 नंबरचा एरर दिसला की समजा मेसेज जुन्याच सर्व्हरवर राहिलेत. त्या सगळ्यांची स्क्रिप्ट पहिल्याच दिवशी सेव्ह करून ठेवा.