घरी साहित्यातून मराठी शिकवताय? या चुका टाळा

होमस्कूलिंग करणारी, सहावी ते आठवीच्या वयाची काही मुलं शनिवारी माझ्याकडे पार्ल्याला वाचायला येतात. गोष्टीची पुस्तकं आणि कविता हाताशी धरून भाषा शिकवायची, व्याकरण आणि लेखन त्यातूनच काढायचं, हा मार्ग मला मनापासून पटतो. पण दरवर्षी नवे पालक येतात आणि चुका मात्र त्याच करतात.

मला सगळ्यात जास्त त्रास होतो तो पुस्तकाचं वर्कबुक केलेलं बघून. मुलुंडच्या एका आईंनी 'श्यामची आई'च्या बेचाळीसही रात्रींसाठी प्रश्नपत्रिका छापून, स्पायरल बाइंडिंग करून आणल्या होत्या. प्रत्येक रात्रीला दहा शब्दार्थ, पाच विरुद्धार्थी शब्द, चार प्रश्न आणि शेवटी 'यातून तुम्ही काय शिकलात?' मेहनत प्रचंड होती. त्यांच्या मुलाला मी शेजारी बसून बघत होते. तो गोष्ट वाचतच नव्हता. आधी प्रश्न वाचायचा, मग त्यातला शब्द सापडेपर्यंत पानावरून पेन्सिल फिरवायचा, सापडलं की ते वाक्य जसंच्या तसं उतरवायचा. उत्तरं सगळी बरोबर. पोहण्याच्या गोष्टीवर मी सहज विचारलं, "श्याम लपून का बसला रे?" त्याने फाइल उघडली आणि म्हणाला, "मावशी, हा कितवा प्रश्न आहे?"

फाइल पिशवीत ठेवायला लावली. तीच गोष्ट मी मोठ्याने वाचली, मुलं नुसती ऐकत बसली. आई श्यामला मारून पोहायला धाडते तिथे हा ताडकन म्हणाला, "मारून भीती कशी जाईल?" समोरची मुलगी म्हणाली, "पण गेली ना!" मग जे भांडण जुंपलं ते चहा होईपर्यंत चाललं. पुढच्या शनिवारी त्याने त्यावर दीड पान लिहून आणलं, कुणी न सांगता. ऱ्हस्व-दीर्घाच्या भरपूर चुका होत्या, त्या आम्ही नंतर सावकाश बघितल्या.

माझी पद्धत साधी आहे. प्रकरण वाचायचं, पुस्तक मिटायचं, मुलाने आपल्या शब्दांत सांगायचं. मध्ये टोकायचं नाही, अडखळलं तरी थांबायचं. दुसऱ्या दिवशी त्याच प्रकरणातल्या पाच-सहा ओळींचं श्रुतलेखन. व्याकरणाचा आठवड्याला एकच मुद्दा, तोही वाचलेल्या प्रसंगावरून. 'आईने शिंपटी उचलली' इथे क्रियापद शिंपटीप्रमाणे चालतं, काठी म्हटलं तरी 'उचलली', पण दांडका म्हटलं की 'उचलला'. हा कर्मणी प्रयोग. 'आईने श्यामला मारले' इथे श्यामच्या जागी ताईला घाला, मुलांना घाला, 'मारले' हलत नाही. हा भावे. शब्द बदलून बघितले की मुलांना नियम आपोआप दिसतो, तक्ता पाठ करावा लागत नाही.

दुसरी मोठी चूक म्हणजे इयत्ता बघून पुस्तक निवडणं. घरी मराठी बोलणारं पण इंग्रजीतूनच वाचत आलेलं तेरा वर्षांचं मूल मराठी अक्षर लावून लावून वाचतं. त्याच्या हातात थेट 'बनगरवाडी' दिली तर ते मराठीलाच कंटाळतं. मी मधलं कुठलंही पान उघडून मोठ्याने वाचायला सांगते. ओळीओळीला गाडी अडत असेल तर ते पुस्तक फळीवर परत. आधी फास्टर फेणे, मग 'एक होता कार्व्हर', आणि वाचनाला वेग आला की माडगूळकरांची 'बनगरवाडी'. यात एक वर्ष गेलं तर जाऊ द्या. तीन महिन्यांत 'दर्जेदार साहित्यावर' येण्याची घाई पालकांना असते, मुलांना नसते.

परदेशी अभ्यासक्रमाचा तयार संच मागवून त्यातच सगळं बसवणं आणि मराठीला 'घरी बोलतो की' म्हणून सोडून देणं, हेही सर्रास दिसतं. बोलता येणं वेगळं, लिहिता येणं वेगळं.

बहिणाबाईंची भाषा 'शुद्ध' करून शिकवू नका. ती खानदेशातली लेवा गणबोली आहे, तिला तिचा नाद आहे. एका वडिलांनी पेनाने सगळे 'न' खोडून 'ण' केले होते. ते पान मी मुलीकडून खोडरबरने साफ करून घ्यायला निघाले, तर शाई होती. शेवटी नवी प्रत दिली.

सिनेमा दाखवून पुस्तक 'झालं' म्हणू नका. यूट्यूबवरचे सारांश तर अजिबात नकोत.

पुस्तकांच्या याद्या व्हॉट्सअ‍ॅपवर जमवत बसू नका. १८९८ मध्ये स्थापन झालेलं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय दादरला आहे, मुलाला घेऊन जा आणि त्याला स्वतः निवडू द्या. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं, त्याचे जुने अंक ऑनलाइन फुकट वाचता येतात. सुरुवातीच्या मुलांना मी छोट्या गोष्टी तिथूनच देते.

आणि लेखन शेवटच्या वर्षावर ढकलू नका. एनआयओएसच्या (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या) दहावीला चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर बसता येतं, मराठी हा विषयही घेता येतो. पण पेपर हाताने लिहायचा असतो, वेळ लावून. ज्या मुलांनी आठवीपर्यंत फक्त तोंडी सांगितलंय किंवा मोबाइलवर टाइप केलंय, त्यांचा हात दुसऱ्याच पानाला दुखायला लागतो. बाराव्या वर्षापासून आठवड्यातून एकदा वहीत एक पान, विषय चालू पुस्तकातलाच. पान तपासताना लाल पेन वापरू नका, पेन्सिलने फक्त तीन चुका दाखवा. बाकीच्या पुढच्या पानावर येतातच, तेव्हा बघता येतील.