खाडीच्या गाळाची बाटली: विद्यार्थ्यांकडून विनोग्राद्स्की स्तंभ करून घेताना

विनोग्राद्स्की स्तंभ म्हणजे गाळ आणि पाणी भरून उजेडात ठेवलेली पारदर्शक बाटली; आतले जिवाणू आपापल्या रंगीत थरांत वाढतात. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राद्स्की यांची १८८० च्या दशकातली ही पद्धत पदवीच्या पहिल्या वर्षालाही जमते. घाई मात्र चालत नाही.

गाळ ओहोटीला काठावरूनच घ्या. कांदळवन संरक्षित आहे, वनविभागाची परवानगी आधी काढा. वरचा तपकिरी पापुद्रा सारून खालचा काळा, सडक्या अंड्याचा वास येणारा गाळ हवा. एक लिटरच्या दोन पारदर्शक बाटल्यांना दीड लिटर गाळ पुरतो. हातमोजे घालून शंख, काड्या, पानं वेचून काढा. ती कुजली की वायू साठतो आणि थर फाटतात.

प्रत्येक बाटलीच्या तळच्या एक तृतीयांश गाळात ५ ग्रॅम वर्तमानपत्राचे बारीक तुकडे आणि ५ ग्रॅम अंड्याच्या कवचाची पूड कालवा. फळ्याचा खडू नको, तो बहुधा जिप्समचा (कॅल्शियम सल्फेटचा) असतो; इथे कार्बोनेट हवं. जिप्सम तळ्याच्या गाळाला लागतं (५ ग्रॅम), खाडीत समुद्राचं सल्फेट असतंच. गाळ इडलीच्या पिठाइतका सैल करा, थोडा थोडा ओता आणि दर वेळी बाटली घडी घातलेल्या टॉवेलवर आपटा. अडकलेला बुडबुडा म्हणजे प्राणवायू, आणि जांभळ्या गंधक-जिवाणूंना तो सोसत नाही. वर ३ सेंमी खाडीचं पाणी, ३ सेंमी हवा, मग प्लास्टिकचा पापुद्रा आणि रबर.

एक बाटली उजेडात ठेवा, थेट उन्हात नव्हे. दुसरी काळ्या कागदात गुंडाळा. रंगांना उजेड लागतो का, हे तिच्याशी ताडूनच कळतं; ही दुसरी बाटली टाळली तर सगळा प्रयोग नुसता शोभेचा राहतो.

भरण्याआधीच प्रत्येकाने कोणता रंग कुठे येईल ते तारखेसह शाईने लिहावं. चुकलेला अंदाज खोडू देऊ नका. दर शुक्रवारी त्याच बाजूचा, पट्टी लावून फोटो.

साधारण दोन आठवड्यांत गाळ आणखी काळवंडतो. सहा ते आठ आठवड्यांत खाली हिरवा, त्यावर जांभळा पट्टा दिसू लागतो. हिरव्या गंधक-जिवाणूंना सल्फाइड (सडक्या अंड्याच्या वासाचं गंधकाचं संयुग) जास्त सोसतं, म्हणून ते खाली. नुसताच काळा राहिला तर बहुधा कागद जास्त झाला, पुढच्या वेळी निम्मा घाला. पाणी आटलं की ऊर्ध्वपातित पाणीच घाला, खाडीचं घातलंत तर खारटपणा चढत जातो.

“सर, हे जांभळं काय आहे?” असं विचारलं की नाव सांगू नका. “झाकलेल्या बाटलीत आहे का?” एवढंच विचारा. मग लांब पिपेटने त्याच पट्ट्यातला थेंब काढून ४०० पटीवर दाखवा: क्रोमॅटियम या जांभळ्या गंधक-जिवाणूसारख्या पेशी असल्या तर आत गंधकाचे कण लखलखताना दिसतात.