एकट्याचा लांबचा कॅम्परव्हॅन-प्रवास संपवताना : शेवटच्या आठवड्याची तयारी

शेवटचा मुक्काम कुठे करायचा हे आठवडाभर आधीच ठरवून ठेवा. पोचायच्या ठिकाणापासून दोन-अडीच तासांच्या अंतरावर, पाणी असलेला, टॉयलेटची टाकी रिकामी करायची सोय असलेला आणि विजेची जोडणी देणारा कॅम्पिंगचा तळ हवा. विजेची जोडणी हवीच. पैसे वाचवायला ही रात्र रस्त्याकडेला काढू नका. कारण खाली येतंच आहे.

घर जवळ आलं की 'आज रात्रीच पोचू' असं वाटायला लागतं. एकट्याच्या प्रवासात स्टिअरिंग घ्यायला दुसरं कुणी नसतं, हे तेव्हाच आठवायला हवं. मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत आणि दुपारी दोन ते चार या वेळांत डुलकी हमखास गाठते. दर दोन तासांनी पंधरा मिनिटं थांबा. कॉफीचा असर जाणवायला साधारण अर्धा तास जातो, म्हणून कॉफी पिऊन लगेच निघण्यात अर्थ नाही. प्या, वीस मिनिटं आडवे व्हा, मग निघा. अंथरूण मागेच आहे. आणि उजेडात पोचा. अंधारात पोचलेला माणूस गाडी लावतो, कुलूप घालतो आणि झोपतो. पुढचं सगळं उद्यावर जातं, आणि तो उद्या पंधरा दिवसांनी उजाडतो.

शिधा संपवत आणा. कपडे, भांडी, कचरा : सांगायला नको.

आता बॅटरी. इंजिनाची नव्हे, मागची. दिवे, पंप, फ्रिज जिच्यावर चालतात ती. प्रवासभर तिच्याकडे बघावं लागत नाही, कारण गाडी रोज चालते आणि छतावर ऊन पडतं. प्रवास संपतो त्या दिवशी हे दोन्ही एकदम थांबतं. गाडी शेडमध्ये गेली की सोलर पॅनल असून नसल्यासारखं. मुख्य स्विच बंद केला म्हणजे सगळं बंद झालं असंही समजू नका. गॅसगळतीचा अलार्म, ट्रॅकर, रेडिओची मेमरी ही पुष्कळदा स्विचला वळसा घालून थेट बॅटरीला जोडलेली असतात. सगळी मिळून नुसते ५० मिलिअँपिअर ओढत असली तरी दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात, महिन्याला ३६. म्हणजे १०० अँपिअर-तासांची बॅटरी सहा आठवड्यांत निम्म्यावर आणि तीन महिन्यांच्या आत ठार. लेड-अ‍ॅसिड बॅटरी रिकामी पडून राहिली की प्लेटांवरचं लेड सल्फेट कडक होत जातं. मग कितीही चार्ज करा, पूर्वीची ताकद येत नाही. मागच्या वेळी माझी चांगली बॅटरी अशीच गेली.

तर शेवटच्या मुक्कामाला प्लग लावा आणि सकाळपर्यंत काढू नका. बॅटरीचे शेवटचे २० टक्के फार सावकाश भरतात, दोन तास गाडी चालवून ते भरत नाहीत. पोचल्यावर सगळं बंद करून काही तास जाऊ द्या आणि मग मल्टिमीटर लावा. लेड-अ‍ॅसिडला १२.७ व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. पॅनलवरच्या हिरव्या दिव्यावर विसंबू नका. आकडा बघा, कागदावर तारखेसह लिहा. मग तारा सोडवा : आधी सोलर पॅनल कंट्रोलरपासून (पॅनलची वीज बॅटरीत सोडणारा डबा), मग बॅटरीची निगेटिव्ह, शेवटी पॉझिटिव्ह. लिथियम बॅटरी असेल तर ती पूर्ण भरून ठेवायची नसते, साधारण निम्म्यावर ठेवा, आणि शून्याखालच्या थंडीत चार्ज करू नका. पण तारा तिच्याही सोडवायच्या. ट्रॅकर चालूच ठेवायचा असेल तर जिथे प्लग मिळेल अशीच जागा गाडीला शोधा. मधला मार्ग नाही.

अलार्मची वीज तोडण्याआधी गॅस सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद हवा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून गारठा नको या नावाखाली तळातल्या जाळ्या कधीच बुजवू नका.

पाणी. टॉयलेटची टाकी आणि सांडपाण्याची टाकी शेवटच्या मुक्कामालाच रिकामी करा. घरासमोर ती ओतायला जागा नसते, आणि पावसाळी गटार ही त्याची जागा नव्हे. पिण्याच्या पाण्याची टाकीही तिथेच सोडा. शंभर लिटर म्हणजे शंभर किलो ओझं उगाच कशाला ओढायचं? टाक्या सगळ्यांना आठवतात. राहतं ते गीझरमधलं, पंपातलं आणि शॉवरच्या नळीतलं पाणी. गीझरचा निचरा-व्हॉल्व्ह उघडा, नळ उघडून त्यांचे दांडे मध्यावर ठेवा म्हणजे गरम-थंड दोन्ही बाजू मोकळ्या होतात, शॉवर खाली सोडा. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं आणि नळी फोडतं. थंडी नसेल तिथे तेच पाणी कुबट होतं. पंप चालवून शेवटचं पाणी काढायचं असेल तर ते बॅटरीच्या तारा काढण्याआधी. आणि पंप चालवल्यावर बॅटरीचा आकडा परत बघा. हो, परत.

ओल ही गाडीची खरी शत्रू. झोपलेल्या माणसाच्या श्वासाची वाफ गादीखालच्या थंड फळीवर पाणी होऊन बसते, आणि महिनोन्‌महिने वापरलेली गादी उलटून बघितलेली नसते. गादी भिंतीला उभी करा, कपाटांची दारं उघडी ठेवा, फ्रिज पुसून त्याचं दार फटीएवढं उघडं राहील असं अडकवा.

टायरमध्ये हवा भरा, आणि बाजूवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा : टायर कधी बनला ते त्यावरून कळतं, २३१९ म्हणजे २०१९ सालातला २३वा आठवडा. जमीन सपाट असेल तर चाकांना ठोकळे लावून हँडब्रेक मोकळा ठेवा, नाहीतर ब्रेक चिकटतात.

सीमा ओलांडून आला असाल आणि गाडी कार्नेवर (अनामत ठेवून गाडी तात्पुरती परदेशात नेण्याचा कस्टम्सचा कागद) असेल तर शेवटचा शिक्का बसलाय का ते तिथेच, खिडकीपाशी उभं राहून बघा. तो नसेल तर अनामत अडकते.

बिघाडांची यादी आजच लिहा. तिसऱ्या गिअरचा आवाज, गळणारी खिडकी, आठवड्यानंतर काही आठवत नाही. फोटोंची दुसरी प्रत. रोज तुमचा ठावठिकाणा बघणाऱ्या माणसाला 'पोचलो' म्हणून फोन, मेसेज नव्हे. त्यानेही तितकेच दिवस काळजीत काढलेत. दुसऱ्या दिवशी काम ठेवू नका. घरात झोप येईना तर गाडीत झोपा, त्यात काही वावगं नाही, फक्त दिवे लावलेत तर सकाळी व्होल्ट मोजा. चाव्या, विमा, झालं. आणि फोनमध्ये महिनाभरानंतरची आठवण लावा : बॅटरी.