‘सावधान’ इंग्रजीत सांगायचे तर कोणता शब्द निवडावा

मराठीतला ‘सावधान’ हा शब्द मंगलाष्टकांत येतो, शाळेच्या कवायतीत येतो आणि विजेच्या खांबावर कवटीच्या चित्राखालीही येतो. इंग्रजीत मात्र एवढी कामे एकच शब्द करीत नाही. कवायतीत ‘अटेन्शन’, खांबावर ‘डेंजर’. आणि मंगलाष्टकांतल्या सावधानाला तर त्या भाषेत जोडच नाही. म्हणून शब्दकोशातला पहिला प्रतिशब्द उचलण्याआधी स्वतःला दोन गोष्टी विचाराव्यात: ऐकणाऱ्याच्या हातात वेळ किती आहे, आणि होणारी इजा किती मोठी आहे.

वेळ क्षणाचाच असेल, म्हणजे कोल्हापूरच्या राजारामपुरीत बांधकामाच्या परांचीवरून वीट सुटली असेल, तर ‘लुक आउट!’ किंवा ‘वॉच आउट!’ असे ओरडावे. यातल्या ‘आउट’चा बाहेर पाहण्याशी संबंध नाही, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगितलेले बरे. समोरचा माणूस स्वतःच काही जोखमीचे करीत असेल, उदाहरणार्थ तांबड्या रश्शाचे गरम भांडे उचलत असेल, तर ‘बी केअरफुल’ म्हणावे. पंचगंगा घाटाच्या शेवाळलेल्या पायऱ्या उतरणाऱ्याला ‘वॉच युअर स्टेप’ म्हणावे. ब्रिटिश माणूस तिथे ‘माइंड युअर स्टेप’ म्हणेल. लंडनच्या भुयारी रेल्वेत १९६८ पासून ऐकू येणाऱ्या ‘माइंड द गॅप’ या सूचनेतही ‘माइंड’ म्हणजे मन नव्हे, तर जपणे. ‘टेक केअर’ हे शब्द मात्र निरोप घेतानाही वापरतात, त्यामुळे वीट पडत असताना ते उच्चारले तर ऐकणाऱ्याला आपण निघालो आहोत असेच वाटेल.

हाताशी वेळ असेल तेव्हा खरी निवड करावी लागते आणि ती समजायला कोल्हापूरकराला नदीइतका चांगला शिक्षक नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आहे आणि धोका पातळी ४३ फूट. ‘वॉर्निंग’ आणि ‘डेंजर’ यांच्यातला फरक या चार फुटांत मावतो. वॉर्निंग ही कोणीतरी कोणाला तरी द्यायची गोष्ट आहे. डेंजर कोणी देत नाही, ते समोर येऊन ठाकलेले असते. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेले, तेव्हा कोणाला इशारा द्यायचे काही उरले नव्हते.

हवामान विभागाच्या रंगांतही अशीच चढती भाजणी आहे. पिवळा म्हणजे ‘वॉच’, परिस्थितीवर लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे ‘अलर्ट’, तयारीत राहा. लाल म्हणजे ‘वॉर्निंग’, आता कृती करा. बातम्यांत सरसकट ‘यलो अलर्ट’, ‘रेड अलर्ट’ असे म्हणतात आणि त्यामुळे ही पायरी पुसली जाते, हे मला खटकते.

शिरोली किंवा गोकुळ शिरगाव येथील कारखान्यात परदेशी बनावटीच्या यंत्रावर चिकटवलेल्या पट्ट्याही याच क्रमाने वाचाव्यात. अमेरिकी मानकानुसार ‘डेंजर’ म्हणजे काळजी न घेतल्यास मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच, ‘वॉर्निंग’ म्हणजे तसे होऊ शकते, ‘कॉशन’ म्हणजे किरकोळ किंवा मध्यम इजा संभवते, आणि ‘नोटीस’चा माणसाच्या इजेशी संबंध नसतो. ‘कॉशन’ आणि ‘प्रीकॉशन’ यांची गल्लत करू नये: पहिली सावधगिरी, तर दुसरी आधीच केलेली तजवीज, म्हणजे भट्टीजवळ जाण्याआधी घातलेले हातमोजे.

‘अलर्ट’ हा शब्द इटालियन सैनिकांच्या बोलीतून आला. त्याचा मूळ अर्थ ‘उंचावर, टेहळणीला’ असा होता. ‘अलार्म’ही तिथलाच, अर्थ ‘शस्त्रे घ्या’. म्हणूनच पुणे–बंगळूर महामार्गावर रात्री गाडी चालवणाऱ्याने ‘अलर्ट’ राहायचे असते, ‘अलार्म्ड’ नव्हे, कारण अलार्म्ड म्हणजे घाबरलेला. रात्रभर टिकणाऱ्या पहाऱ्याला ‘व्हिजिलंट’ म्हणावे, आणि दुकानाबाहेर लावलेल्या दुचाकीवर नजर ठेवायला सांगायचे असेल तर ‘कीप अॅन आय ऑन इट’ पुरते. ‘हेड्स-अप’ म्हणजे मित्राने मित्राला आधी दिलेली कल्पना. ते शासकीय पत्रात शोभत नाही.

व्याकरणातली दोन ठिकाणे अडखळवणारी आहेत. पुरात अडकलेल्या मामांबद्दल ‘ही इज डेंजरस’ असे सांगितले, तर मामाच धोकादायक ठरतात; ‘ही इज इन डेंजर’ म्हणावे. ‘बिवेअर’ची भूतकाळी रूपे होत नाहीत, तो ‘बिवेअर ऑफ डॉग्ज’सारख्या आज्ञेत किंवा ‘यू शुड बिवेअर’सारख्या रचनेतच चालतो, काल सावध केले असे सांगायचे असेल तर ‘आय वॉर्न्ड हिम अबाउट द डॉग’ म्हणावे.

शेवटी ‘खबरदार’. शब्दकोश त्यासाठीही ‘बिवेअर’ देतात आणि पाटीपुरते ते बरोबर आहे. पण रंकाळ्याच्या कट्ट्यावरून आई मुलाला म्हणते, ‘खबरदार पाण्यात पाय घातलास तर!’ त्यात निम्मा इशारा आणि निम्मी धमकी असते, आणि तिथे ‘डोन्ट यू डेअर!’ हेच शब्द लागतात.