रस्त्यावरचं पिल्लू घराला लागेपर्यंत

रस्त्यावरचं पिल्लू उचलायला पाच मिनिटं लागतात. त्याला घर मिळायला कधी आठवडा लागतो, कधी पाच-सहा महिने, आणि तोवर ते कुणाच्या तरी न्हाणीघरात नाहीतर बाल्कनीत राहतं. नवे स्वयंसेवक आपला बहुतेक जोर त्या पहिल्या पाच मिनिटांवर लावतात. रेस्क्यूचे व्हिडिओही तिथेच संपतात. म्हणून खालच्या पायऱ्या ओळीने लिहिल्या असल्या, तरी वाचताना शेवटावर डोळा ठेवा: हे जनावर राहणार कुणाकडे?

लेख कुत्र्या-मांजरांपुरताच आहे. घार, माकड, साप अडकलेला दिसला तर स्वतः हात न घालता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

१. उचलायचं की नाही, हे आधी ठरवा

पिल्लू एकटं दिसलं म्हणजे ते अनाथ असतंच असं नाही. पावसाळा सरला की कुत्र्यांची वीण वाढते आणि हिवाळाभर पार्किंगमध्ये, गटाराच्या कडेला, बांधकामाच्या वाळूत पिल्लं दिसू लागतात. आई बहुतेक वेळा खाणं शोधायला गेलेली असते. पिल्लं अंगाने भरलेली असतील, गपगार झोपली असतील, तर लांब उभं राहून वाट बघा. मांजराच्या पिल्लांबाबत तर आणखी धीर धरा. भाटी जागा बदलताना पिल्लं एकेक करून नेते, आणि तिच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये कुणीतरी कळवळून एक पिल्लू उचलतं. आई येते की नाही कळत नसेल तर पिल्लांभोवती थोडं पीठ भुरभुरवून ठेवा आणि काही तासांनी पावलं उमटलीत का बघा. आई असेल तर तिला खायला घाला, पिल्लं आठ आठवड्यांची होईपर्यंत तिच्यापाशी राहू द्या. आणि पिल्लांना घरं शोधण्याच्या गडबडीत आईची नसबंदी राहून जाऊ देऊ नका. नाहीतर पुढच्या हंगामात त्याच वाळूत तुम्ही पुन्हा उभे असाल.

एका गल्लीत रुळलेला, धडधाकट मोठा कुत्रा 'वाचवायचा' नसतो. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार त्याची नसबंदी करून, रेबीजची लस टोचून त्याला जिथून आणलं तिथेच सोडायचं असतं. कानाला खाच दिसली तर समजा, हे काम आधीच झालंय. शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं यांच्या आवारातल्या कुत्र्यांबाबत मात्र सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये वेगळा आदेश दिला: त्यांना निवाऱ्यात हलवायचं, परत तिथे सोडायचं नाही. अशा जागचा कुत्रा असेल तर आपल्या मनाने हलवाहलव न करता पालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाशी बोला.

उचलायचं ते आई मेलेल्या पिल्लाला, गाडीखाली आलेल्याला, जखमेत अळ्या पडलेल्याला. आणि घरातून सोडून दिलेल्या पाळीव जनावराला. गळ्यावर पट्ट्याची खूण असते आणि रहदारीत ते भेदरून एकाच जागी फिरत राहतं.

२. आधी दोन फोन

एक फोन जागेसाठी, एक डॉक्टरांसाठी. फोस्टर, म्हणजे तात्पुरतं घर, नक्की झाल्याशिवाय धडधाकट पिल्लू उचलू नका. "संस्थेत नेऊन ठेवू" हा विचार डोक्यात असेल तर तो काढून टाका. निवाऱ्यात आजारी आणि जखमी जनावरं असतात, आणि लस न झालेल्या निरोगी पिल्लासाठी त्याहून धोक्याची जागा नाही. खरंच जखमी असेल तेव्हा मात्र संस्थांची मदत घ्या. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून हे काम करतंय; जुने लोक अजून त्याला बैल-घोडा हॉस्पिटलच म्हणतात. पुण्यात रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्टचं स्वतःचं उपचार केंद्र आहे.

३. पकडताना स्वतःला जपा

जाड टॉवेल, कार्डबोर्डचा खोका, मांजरासाठी बंद होणारी बास्केट. मांजर मांडीवर घेऊन रिक्षात बसण्याचं धाडस कुणीही करू नये. हॉर्न वाजला की ते मांडीवर राहत नाही, रिक्षातही राहत नाही.

चावलं किंवा ओरबाडलं तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. "इवलंसं पिल्लू आहे, त्याला कुठला रेबीज" असं म्हणणारे भेटतात. पिल्लांनाही रेबीज होतो, आणि माणसात लक्षणं दिसू लागल्यावर त्यावर इलाज नाही. हे काम नेमाने करणार असाल तर चावा होण्याआधीच घ्यायची रेबीजची लस मिळते. डॉक्टरांना विचारून ती घेऊन टाका.

४. पहिले चौदा दिवस वेगळं ठेवा

पिल्लू कितीही गोड असलं तरी घरातल्या कुत्र्यामांजरांपासून दोन आठवडे दूर. त्याची भांडी वेगळी, फडकी वेगळी, त्याला हाताळल्यावर हात धुवायचे, कपडे बदलायचे. याचं मुख्य कारण पार्वो, म्हणजे पिल्लांना होणारा जीवघेणा विषाणूजन्य आजार. लागण झालेलं पिल्लू सुरुवातीचे काही दिवस ठणठणीत दिसतं, मग खाणं सोडतं, उलट्या सुरू होतात, रक्ताचे जुलाब होतात. तेव्हा सकाळची वाट बघत बसू नका. सलाइन लवकर लागलं तर बरीच पिल्लं वाचतात. पार्वोचा विषाणू फरशीवर, मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि साध्या फिनाइलने मरत नाही. जागा आधी साबणाने स्वच्छ धुवायची, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी असं द्रावण दहा मिनिटं ठेवून पुसायचं. ज्या घरात नुकताच पार्वो होऊन गेलाय तिथे लस न झालेलं दुसरं पिल्लू नेऊ नका.

अगदी तान्ही पिल्लं आली तर आधी ऊब, मग दूध. अंग गार असताना पाजलेलं दूध पचत नाही. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. गाईच्या दुधाने जुलाब होतात. पिल्लांसाठीची दूध पावडर औषधाच्या दुकानात नाहीतर पेट शॉपमध्ये मिळते. पाजताना पिल्लू पालथं, पोटावर. बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जातं. पाजून झालं की ओल्या कोमट कापसाने खालची बाजू हलकेच पुसा, त्याशिवाय त्यांना शी-शू होत नाही.

खाऊ लागलेल्या पिल्लाला भात-चिकन, उकडलेलं अंडं, शिजवलेला लाल भोपळा. कांदा, चॉकलेट, मनुका नाही, चिकनची शिजवलेली हाडं नाहीत. आपल्या घरातली औषधं तर नाहीतच: पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्यांच्या गोचिडांसाठीच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, तेही मांजरांना विषारी आहे.

जंताचं औषध पहिल्याच भेटीत, मग दोन आठवड्यांनी पुन्हा. पिल्लांच्या लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात, रेबीजची लस तीन महिन्यांची झाल्यावर. सगळं एका कार्डावर लिहून घ्या. पुढे घर देताना ते कार्डच तुमची विश्वासार्हता ठरवतं. बिलंही जपा, लोकांकडून पैसे घेतले असतील तर ती न मागता दाखवा.

५. जाहिरात

दिवसाच्या उजेडात, जमिनीवर बसून, जनावराच्या डोळ्यांच्या उंचीवरून फोटो काढा. पिंजऱ्यातला, रडवेला फोटो लाइक आणतो, घर आणत नाही. मजकुरात वय, नर की मादी, लसी, मोठेपणी अंदाजे आकार, लहान मुलांशी आणि इतर जनावरांशी कसं वागतं हे लिहा. जे वाईट आहे तेही लिहा. गाडीत ओकतं, दाराचा आवाज झाला की भुंकतं, हे आधी कळलं तर त्यासाठी कुणी पिल्लू परत करत नाही.

पहिला फोन येईल आणि पहिला प्रश्न असेल: "मेल आहे का?" मादी पिल्लं मागे राहतात, कारण लोकांना पाळी आणि पिल्लं नको असतात. नसबंदी झाली की दोन्ही प्रश्न संपतात, हे शांतपणे सांगायची सवय करून घ्या. "लॅब (लॅब्राडोर) असेल तर कळवा" म्हणणाऱ्यांना मनवत बसू नका. गावठी कुत्रा मनापासून हवा असलेली माणसं असतात, वेळ त्यांच्यावर घालवा.

६. चौकशी

सगळ्या कामाचं यश-अपयश इथे ठरतं. लग्न जमवताना करतात तशी चौकशी करायची, आणि समोरच्याला राग आला तर येऊ द्यायचा.

घर स्वतःचं की भाड्याचं? भाड्याचं असेल तर मालकाला माहीत आहे का? सोसायटीत पाळीव प्राणी चालत नाहीत असं अडॉप्टर, म्हणजे दत्तक घेणारा, म्हणाला तर सांगा की सोसायटीला अशी सरसकट बंदी घालता येत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने तशी मार्गदर्शक सूचना काढलेली आहे. पण त्याची भांडायची तयारी आहे का तेही बघा. पहिल्या तक्रारीला घाबरणाऱ्याच्या घरातून पिल्लू महिन्याभरात परत येतं.

घरात सगळ्यांना हवंय का? फोनवर मुलगा बोलतो आणि निर्णय आईचा असतो. ज्या माणसाच्या अंगावर काम पडणार आहे, तिच्याशी किंवा त्याच्याशी स्वतः बोला.

गणपतीला कोकणात जाता, मे महिन्यात गावी जाता, तेव्हा हे कुठे राहील? या एका प्रश्नाने अर्धी गर्दी गळते. "बघू तेव्हा" हे उत्तर म्हणजे नकार समजा. वर्षभरात लग्न, बाळ, बदली होणार आहे का, हेही विचारा.

घर शाकाहारी आहे का? हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण टाळू नका. कुत्रा एक वेळ योग्य आहारावर निभावून नेईल. मांजर मांसाहारीच आहे. दूध-पोळीवर ते हळूहळू आंधळंही होऊ शकतं, कारण त्याला लागणारं टॉरिन नावाचं पोषकद्रव्य त्यात पुरेसं नसतं. घरात शिजवायचं नसेल तर तयार कॅट फूड चालेल का, एवढं स्पष्ट करून घ्या.

"शेतावर राखणीला हवाय" असा फोन आला की शहरी स्वयंसेवक लगेच नाही म्हणतात. मला ते पटत नाही. सोसायटीच्या बाल्कनीत बांधून ठेवण्यापेक्षा मोकळं शेत पुष्कळदा बरं. मात्र दोन गोष्टी विचारा: दिवसभर साखळीला बांधणार का, आणि रात्री कुठे झोपेल. जुन्नर, आंबेगाव, संगमनेरच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्या अंगणातला कुत्रा उचलून नेतो. रात्री दार बंद करून आत घेणार असतील तर घर चांगलं आहे.

मग घर बघायला जा, परगावी असेल तर व्हिडिओ कॉलवर फिरवून दाखवायला सांगा. मांजरासाठी सगळ्या खिडक्यांना जाळी हवी. बॉक्स ग्रिल म्हणजे जाळी नव्हे, पिल्लू त्यातून सहज निघतं. "आमचं मांजर उडी मारत नाही" असं कबुतर दिसेपर्यंतच म्हणता येतं.

नकार द्यायचा तर लगेच आणि थोडक्यात. कारणांचा वाद वाढवू नका.

७. कागद आणि पाठवणी

फॉर्मवर ओळखपत्राची प्रत, पत्ता, लसीकरण आणि नसबंदीची हमी, आणि "सांभाळणं जमलं नाही तर दुसऱ्या कुणाला न देता आमच्याकडे परत करीन" हे वाक्य असलंच पाहिजे. दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशातही म्हटलंय. सही घेताना ते सांगा.

पिल्लू स्टेशनवर किंवा सिग्नलला हातात देऊ नका. घरी जाऊन सोडा. सोबत चार दिवसांचं तेच खाणं आणि त्याचा वास असलेलं फडकं द्या. दिवाळीच्या आठवड्यात पाठवणी टाळाच: नवी जागा आणि फटाके एकत्र आले की कुत्रा पट्टा तोडून पळतो आणि त्याला परतीचा रस्ता माहीत नसतो.

८. नंतर

नव्या घरच्यांना तीन-तीन-तीनचा ठोकताळा सांगून ठेवा: तीन दिवस भेदरलेपणा, तीन आठवडे घराची रीत कळायला, तीन महिने आपलं वाटायला. पहिल्या रात्री रडणार, पलंगाखाली बसणार, घरात शू करणार. या दिवसांत पाहुणे नकोत, आंघोळ नको. दुसऱ्या दिवशी फोन करा, मग आठवड्याने, मग महिन्याने. फोटो मागा, फोटो यायचे बंद झाले की जाऊन या.

कुत्र्याची नसबंदी साधारण सहा महिन्यांच्या सुमारास. मांजरीच्या बाबतीत डॉक्टरांना त्याआधीच विचारा, कारण ती चार-पाच महिन्यांची असतानाही गाभण राहू शकते. तारीख तुमच्या कॅलेंडरमध्ये लिहा, त्यांच्या भरवशावर सोडू नका.

परत आलेलं जनावर कुरकुर न करता घ्या. तुम्ही टोमणे मारता हे कळलं, तर पुढचा अडॉप्टर ते तुमच्याकडे आणण्याऐवजी गुपचूप हायवेला सोडेल. हल्ली परतीचं एक नेहमीचं कारण म्हणजे परदेशातली नोकरी. तेव्हा आधी हे सांगा की जनावर सोबत नेता येतं. युरोपीय संघातल्या देशांत किंवा ब्रिटनमध्ये न्यायचं तर मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची चिप), त्यानंतर रेबीजची लस, लसीनंतर किमान तीस दिवसांनी रक्ताची टायटर चाचणी (लसीने पुरेशी प्रतिकारशक्ती आली का हे बघणारी) आणि रक्त घेतल्यापासून तीन महिन्यांची थांबणूक, एवढं लागतं. म्हणजे साधारण चार महिने आधी सुरुवात करायला हवी. व्हिसाच्या बातमीचे पेढे वाटले जातात त्याच दिवशी चिप बसवायला पाठवा.