घरचं सोयाबीन ब्रॉयलरला घालताय? आधी नीट शिजवा

दिवाळीच्या तोंडावर घरात नवं सोयाबीन असतं, भाव पडलेला असतो, म्हणून दळून कोंबड्यांना घालावंसं वाटतं. कच्चं घालू नका. त्यातला ट्रिप्सिनरोधक घटक प्रथिनाचं पचन अडवतो, स्वादुपिंड मोठं होतं. खाद्य संपतं पण वजन भरत नाही, विष्ठा पातळ होते, लिटर (शेडमधला भुशाचा थर) ओली राहते, लॉटमधले पक्षी लहानमोठे निघतात. सगळ्यात जास्त मार पहिल्या तीन आठवड्यांतल्या पिल्लांना बसतो. मग दुकानदार लिव्हर टॉनिक गळ्यात मारतो. बाटलीने कच्चं सोयाबीन शिजत नाही. (विष्ठेत रक्त दिसलं तर मात्र कॉक्सीचा (कॉक्सिडिओसिस, आतड्याचा रोग) संशय घ्या, पशुवैद्यकाला बोलवा.)

कढईत भाजलेल्यावरही भरवसा नको: वरून करपतं, आत कच्चंच राहतं. घरी करायचं तर अख्खे दाणे पाण्याला उकळी आल्यावर 30 मिनिटं उकळा, कडक उन्हात वाळवा, मग दळा. दाण्यात 18 ते 20 टक्के तेल असतं, दळलेलं लवकर खवट होतं, आठवड्यापुरतंच दळा.

विकतची डीओसीही (तेल काढलेली सोयाबीन पेंड) कच्ची निघते. प्रयोगशाळेत कच्चेपणा तपासणाऱ्या युरिएज चाचणीत पीएचची वाढ 0.05 ते 0.20 हवी. शेडवर अंदाज घ्यायला चार चमचे पेंड, चमचाभर युरिया आणि थोडं कोमट पाणी बाटलीत घालून झाकण लावा. वीस मिनिटांनी उघडल्यावर अमोनियाचा उग्र वास आला तर माल परत करा. नमुना खड्ड्यात पुरा, जनावरांच्या तोंडी लागू देऊ नका. वास नाही म्हणजे माल उत्तम, असंही नाही. गडद तपकिरी, करपट पेंडीतलं लायसिन (प्रथिनातलं गरजेचं अमिनो आम्ल) जळालेलं असतं. आमची पसंती फिकट सोनेरी रंगाला.

खाद्यातलं प्रथिन (बीआयएस म्हणजे भारतीय मानक ब्युरोप्रमाणे):
- प्री-स्टार्टर (अगदी लहान पिल्लांचं खाद्य) 23 टक्के
- स्टार्टर (त्यानंतरचं) 22 टक्के
- फिनिशर (विक्रीपर्यंतचं) 20 टक्के

साठवण:
- ओलावा 12 टक्क्यांच्या आत
- पोती फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर दूर
- जुना माल आधी
- बुरशी दिसली की पोतं बाद

सोयाबीनमध्ये मिथिओनिन हे अमिनो आम्ल कमी असतं, ते वेगळं घालावंच लागतं. त्यावर काटकसर नको. एन्झाइमच्या महागड्या पुड्या मात्र पेंड तपासल्याशिवाय घेऊ नका. कच्चं आधीच घातलं असेल तर आजच बंद करा आणि तपासलेल्या डीओसीचं खाद्य सुरू करा.