ऑनर्सचं पत्र आलंय? पेढे वाटायच्या आधी या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये, एका शनिवारी सकाळी इथे अमेरिकेत मुलीला एका युनिव्हर्सिटीचं ऑनर्स प्रोग्रॅमचं पत्र आलं आणि आमच्या घरातल्या उतावळ्या नवऱ्याने ते नीट वाचायच्या आधीच फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते हेच. पाच मिनिटांत साताऱ्याहून सासूबाईंचा फोन, "म्हणजे बोर्डात आली का गं?" आणि खरं सांगते, आम्ही दोघांनीही हो, तसंच काहीसं, असंच उत्तर दिलं.

तिथेच चुकलो. आपली पिढी मेरिट लिस्टवर वाढलीये, एकदा नाव लागलं की लागलं, पेपरात फोटो, क्लासवाल्यांचा फ्लेक्स, विषय संपला. इकडचं ऑनर्स तसं नाहीये. इथे पत्र आल्यावर विषय सुरू होतो, कारण ते बक्षीस नसून करार आहे, पुढची चार वर्षं तू हे हे करायचं आणि त्या बदल्यात आम्ही हे हे देऊ असा. आणि करार न वाचता सही करण्यात आपण मराठी माणसं तशी पटाईत आहोतच (बिल्डरचे पेपर आठवा).

नाव एक, प्रकार छप्पन

काकांचा पुण्याहून मेसेज आला, "आमच्याकडेपण चौथं वर्ष केलं की ऑनर्स मिळतं." बरोबरच आहे त्यांचं. भारतात नवीन शैक्षणिक धोरणात तीन वर्षं १२० क्रेडिटची साधी डिग्री आणि चार वर्षं १६० क्रेडिटची ऑनर्स डिग्री असा हिशोब आहे, आणि रिसर्चवालं ऑनर्स हवं तर पहिल्या सहा सेमिस्टरना ७५ टक्के लागतात. अमेरिकेतलं ऑनर्स म्हणजे वेगळी डिग्री नव्हे, त्याच चार वर्षांच्या आत घातलेली एक जास्तीची चौकट आहे.

त्यातही किती प्रकार! स्वार्थमोर कॉलेजने १९२२ मध्ये सुरू केलेल्या ऑनर्समध्ये बाहेरचे परीक्षक येऊन परीक्षा घेतात. पेन स्टेटचं श्रायर किंवा अ‍ॅरिझोना स्टेटचं बॅरेट ही युनिव्हर्सिटीच्या आतली वेगळी ऑनर्स कॉलेजं, त्यांचा स्वतःचा डीन, स्वतःची हॉस्टेलं, शेवटी थीसिस. टेक्सास ऑस्टिनचं प्लॅन टू तर चक्क स्वतःच एक मेजर, म्हणजे डिग्रीचा मुख्य विषय, आहे. मेरीलँडमध्ये ऑनर्स कॉलेजच्या आत पुन्हा वेगवेगळे प्रोग्रॅम, त्यातल्या जेमस्टोनमध्ये मुलं टीम करून चार वर्षं एकाच प्रश्नावर रिसर्च करतात. शिवाय डिपार्टमेंटचं ऑनर्स वेगळं, ते तिसऱ्या वर्षाच्या आसपास तिथल्या तिथे मिळतं. आणि कुम लाउडे, माग्ना, सुम्मा हे जे मानाचे शेरे डिग्रीवर लॅटिनमध्ये येतात ते बहुतेक ठिकाणी नुसत्या जीपीएवर (सगळ्या ग्रेडची सरासरी), त्यासाठी ऑनर्स प्रोग्रॅममध्ये असायची गरजच नसते.

आणि एक पत्र असं येतं की तुमच्या मुलाची अमुक ऑनर सोसायटीसाठी निवड झाली आहे, सभासद फी एवढे डॉलर भरा. त्याचा ऑनर्स प्रोग्रॅमशी काडीचा संबंध नसतो. काही सोसायट्या खरंच मानाच्या आहेत, फाय बीटा काप्पा १७७६ पासूनची आहे, पण मोठमोठ्या नावाच्या कित्येक सोसायट्या फीवरच चालतात. आमच्या ओळखीत एकांनी अशी फी भरली, वर सर्टिफिकेटची फ्रेमपण विकत घेतली.

मेजर न बघता ऑनर्स बघणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, म्हणून यावर जरा जास्त लिहिते.

ओपन हाउसला (कॉलेज बघायला बोलावतात त्या दिवशी) ऑनर्सवाले काय सांगतात, पंधरा-वीस मुलांचे वर्ग, प्रोफेसर नावाने ओळखतात, रजिस्ट्रेशनला आधी नंबर. सगळं खरं असतं. फक्त ते पंधरा मुलांचे वर्ग कुठल्या विषयाचे ते कोणी विचारत नाही. बऱ्याच ठिकाणी ते ह्युमॅनिटीजचे सेमिनार असतात, बॅरेटचा पहिल्या वर्षाचा ह्युमन इव्हेंट हा दोन सेमिस्टरचा कोर्स तसाच, वाचा, चर्चा करा, निबंध लिहा. मला विचाराल तर इंजिनियरिंगच्या मुलाने असं काहीतरी करायलाच हवं. पण त्याचा आणि त्याच्या सर्किट्सच्या वर्गाचा संबंध नाही, तिथे तो दोनशे मुलांच्या हॉलमध्येच बसणार आहे.

मग एपीचा घोळ, म्हणजे हायस्कूलमध्येच द्यायच्या कॉलेजच्या पातळीच्या परीक्षा. शेजारच्या मुलाने हायस्कूलमध्ये रात्री जागून पाच एपी परीक्षा दिल्या, त्या क्रेडिटवर कॉलेजातले इतिहास-इंग्लिशचे जनरल कोर्स (मेजर कुठलंही असो, करावे लागणारे) उडवून टाकले, आईवडील खूश की एक सेमिस्टर वाचलं. नंतर कळलं की ऑनर्सचे सेमिनार तेच जनरल कोर्स भरून काढायला केलेले आहेत आणि एपीचं क्रेडिट असलं तरी सेमिनार करावेच लागतात. म्हणजे वाचवलेले कोर्स दुसऱ्या दाराने परत आले. कुठल्या युनिव्हर्सिटीत ते सांगत बसत नाही, अनेक ठिकाणी होतं.

तिसरी गोष्ट थीसिस. इंजिनियरिंगमध्ये शेवटच्या वर्षी कॅपस्टोन प्रोजेक्ट असतंच, ते थीसिस म्हणून चालतं का वेगळा लिहायचा? चालत असेल तर ग्रुपमधल्या चौघांपैकी एकट्याने वेगळं काय दाखवायचं? आणि मूल को-ऑप करणार असेल, म्हणजे मध्ये एक-दोन सेमिस्टर कंपनीत काम, तर ऑनर्सचे कोर्स तेव्हा हुकतात आणि पुढच्या वर्षीच परत लागतात. आमची मुलगी मेकॅनिकलची, तिला को-ऑप करायचीच होती, आणि हा प्रश्न आम्ही पैसे भरल्यावर विचारला. शहाणी माणसं आधी विचारतात.

काय करायचं? युनिव्हर्सिटीचं कोर्सचं वेळापत्रक बहुतेक ठिकाणी कोणालाही बघता येतं. गेल्या दोन सेमिस्टरचं उघडा, मुलाचं मेजर टाका आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या कोर्समध्ये ऑनर्स सेक्शन (ऑनर्सवाल्यांच्या वेगळ्या तुकड्या) किती आहेत ते चक्क बोटांवर मोजा. शून्य आले तर विचारा मग वरच्या वर्गांत ऑनर्सचं क्रेडिट कसं मिळवतात. उत्तर बहुधा येईल, काँट्रॅक्टने. म्हणजे साधाच कोर्स करायचा आणि प्रोफेसरशी बोलून जास्तीचा पेपर किंवा प्रोजेक्ट ठरवून घ्यायचं, इलिनॉय युनिव्हर्सिटीच्या जेम्स स्कॉलर या ऑनर्स प्रोग्रॅममध्ये ही पद्धत आहे. वाईट नाहीये, पण प्रोफेसर तयार हवा आणि मुलाला त्याच्या दारावर जाऊन टकटक करता यायला हवं. आपली मुलं घरी आपल्याशी वाद घालतात तेवढं धाडस तिथे दाखवतीलच असं नाही.

अजून एक प्रश्न, हा ऑनर्सच्या माणसाला थेट विचारा: पहिल्या वर्षी किती जण घेता आणि त्यातले किती जण शेवटपर्यंत पूर्ण करतात? आणि त्यात माझ्या मुलाच्या मेजरचे किती? आकडा पटकन आला तर चांगलं लक्षण. विषय बदलून नवीन बिल्डिंगकडे गेला तर तेही उत्तरच.

पैशाचा अर्धाच हिशोब

काही ठिकाणी ऑनर्सची फी वेगळी लागते, बॅरेटला लागते. सेमिस्टरला पाचशे डॉलर जरी धरले तरी आठ सेमिस्टरचे ४,००० झाले. पहिल्या वर्षी ऑनर्सच्याच डॉर्ममध्ये (हॉस्टेलमध्ये) राहायची सक्ती असेल तर घरून जाऊन-येऊन करायचा प्लॅन बाद. रटगर्स न्यू ब्रन्सविकचं ऑनर्स कॉलेज २०१५ मध्ये उघडलं, बिल्डिंग सुंदर आहे, पण ती कॉलेज अ‍ॅव्हेन्यूला आणि इंजिनियरिंग रॅरिटन नदीच्या पलीकडे बुश कॅम्पसला, म्हणजे सकाळी बस. एवढ्यासाठी कोणी नाही म्हणू नये, पण माहीत असावं.

स्कॉलरशिपचं मात्र बारीक वाचा. ऑनर्समध्ये टिकायचा जीपीए वेगळा आणि स्कॉलरशिप टिकायचा वेगळा असू शकतो. साधारण ४ पैकी ३.३ ते ३.५ च्या मध्ये कुठेतरी ही रेघ असते आणि इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षी, फिजिक्स आणि कॅल्क्युलस टू एकाच सेमिस्टरला आलं की हायस्कूलमधला टॉपरपण ३.२ वर येतो, हे मी घरात बघितलंय. रेघेखाली गेल्यावर एक सेमिस्टर सुधारायला देतात का लगेच पैसे बंद, हे लेखी घ्या.

याउलट घाबरून जायचंही कारण नाही. काही खाजगी युनिव्हर्सिट्यांचं वर्षाचं बिल आता ९०,००० डॉलरच्या वर गेलंय, तिथे कर्ज काढून जाण्यापेक्षा आपल्या राज्यातलं स्टेट युनिव्हर्सिटीचं ऑनर्स कितीतरी घरांसाठी सरळ सरळ चांगला सौदा आहे. न्यू यॉर्कवाल्यांकडे तर सिटी युनिव्हर्सिटीचं मॅकॉले ऑनर्स कॉलेज आहे, २००१ पासून, राज्यातल्या मुलांची ट्यूशन त्यात माफ होते. फक्त तुलना करताना ऑनर्स विरुद्ध खाजगी अशी करू नका, ऑनर्स काढून टाकलं तरी ही युनिव्हर्सिटी आणि हे मेजर आम्हाला चालेल का, असं विचारा. कारण ऑनर्स सुटू शकतं, मेजर राहतं.

व्हिसावाल्या घरांनी वेगळं बघायचं

हे कोणी सांगत नाही कारण ओपन हाउसमधल्या माणसाला एच-४ (एच-१बी नोकरी व्हिसावाल्यांच्या नवरा-बायको-मुलांचा व्हिसा) माहीतच नसतो. ग्रीन कार्डच्या रांगेतल्या घरांत मूल एच-४ वर असतं, शिकता येतं पण पगारी काम करता येत नाही. आणि ऑनर्सचं मोठं आकर्षण काय, तर पहिल्या वर्षापासून रिसर्च. लॅबमध्ये क्रेडिटसाठी काम चालतं, तासावर पगार घेता येत नाही. उन्हाळ्यातले नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या पैशातले आरईयू प्रोग्रॅम (कॉलेजच्या मुलांना रिसर्चचा अनुभव देणारे) नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच. सायन्स-इंजिनियरिंगच्या मुलांची गोल्डवॉटर स्कॉलरशिप तशीच. फीसाठी फेडरल सरकारची मदतही नाही.

आणि २१ वं वर्ष. त्या वाढदिवसाला एच-४ संपतो, त्याआधी एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, जावं लागतं, आणि हा वाढदिवस नेमका तिसऱ्या-चौथ्या वर्षात, थीसिसच्या धामधुमीत येतो. एफ-१ वर गेल्यावर कॅम्पसवर आठवड्याला २० तास काम करता येतं, तेवढा फायदा, पण इन-स्टेट ट्यूशनचं (राज्यातल्या मुलांना लागणाऱ्या कमी फीचं) काय होईल याचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे. तेव्हा प्रश्न दोन ऑफिसांत विचारा, ऑनर्समध्ये आणि इंटरनॅशनल स्टुडंट ऑफिसमध्ये, आणि उत्तर ईमेलवर घ्या.

डॉक्टर व्हायचंय म्हणून ऑनर्स

मेडिकलच्या अर्जात एएमकॅस (मेडिकल कॉलेजांचे अर्ज एकत्र घेणारी सेवा) जीपीए काढतं तेव्हा कॉलेजातल्या ऑनर्स कोर्सला जास्तीचं वजन देत नाही. हायस्कूलमध्ये एपीच्या ए ग्रेडला ४.० ऐवजी ५.० मिळायचे ते दिवस गेले. रिसर्च आणि ओळखणारा प्रोफेसर मिळाला तर ऑनर्सचा फायदा, नाहीतर अवघड सेक्शनमध्ये बी घेऊन बसण्यात काय हशील?

आईबाबांनीच अ‍ॅडमिशन घेणं

नवऱ्याने ऑनर्स ऑफिसला चार फोन केले. चौथ्या फोनला तिथल्या बाईंनी गोड आवाजात विचारलं, "आणि मुलीला काय वाटतं?" नवरा म्हणाला, ती झोपलीये. दुपारचे दोन वाजले होते.

कॉलेज सुरू झालं की हे तसंही बंदच होतं. १९७४ च्या फर्पा कायद्याने मूल कॉलेजात गेलं की मार्कांच्या रेकॉर्डवर हक्क त्याचा, मुलाने लेखी परवानगी दिली तर कॉलेज तुम्हाला सांगेल. टॅक्समध्ये डिपेंडंट दाखवलं असेल तर ते सांगू शकतात, पण सांगायलाच पाहिजे असं नाही. म्हणजे फी तुम्ही भरणार आणि ग्रेड विचारायला मुलाच्या मूडची वाट बघणार. ऑनर्सचे निबंधपण तुम्ही लिहू नका, सतरा वर्षांचं मूल "माझ्या कारकिर्दीची पायाभरणी" असलं काही बोलत नाही, वाचणाऱ्याला दोन ओळींत कळतं.

आधीच अडकलो असू तर

पत्रच आलं नाही, युनिव्हर्सिटीत मिळालं पण ऑनर्सला नाही: दार बंद झालं नाही. पेन स्टेटच्या श्रायरसकट बऱ्याच ठिकाणी आधीच शिकत असलेल्या मुलांना एक-दोन वर्षांनी अर्ज करता येतो, आणि तेव्हा कॉलेजचे मार्क बघतात.

जीपीए घसरला: पोर्टलवर लाल पट्टी दिसायची वाट न बघता मुलाने स्वतः ऑनर्स अ‍ॅडव्हायजरला भेटायचं, कोर्स ड्रॉप करायची तारीख जायच्या आत. तारीख गेली की सहानुभूतीच मिळते.

सोडायचं वाटतंय: ऑनर्स सोडल्याने साधारणपणे डिग्रीला धक्का लागत नाही. पण सोडायच्या आधी स्कॉलरशिप, डॉर्म आणि रजिस्ट्रेशनचा आधीचा नंबर, या तिन्हीतलं काय काय त्याला बांधलेलं आहे ते बघा.

अजून ठरत नाहीये: १ मे ही बहुतेक ठिकाणी होकार कळवायची शेवटची तारीख असते. ऑनर्सची तारीख त्याआधी असू शकते, पत्राच्या दुसऱ्या पानावर लिहिलेलं असतं. आमच्या फोटोत फक्त पहिलं पान होतं.

मुलगी आता दुसरं वर्ष संपवतेय. को-ऑप मिळाली आहे, त्यामुळे ऑनर्सचे दोन कोर्स पुढे ढकलले गेलेत, थीसिसला प्रोफेसर ऑक्टोबरपर्यंत मिळाला तर चालू ठेवेन नाहीतर सोडेन असं तिने परवा जेवताना शांतपणे सांगितलं आणि भात वाढून घेतला. सोडलं तर सासूबाईंना काय सांगायचं, ते फोटो टाकणाऱ्याने ठरवायचंय.